थंडी सरतेय, पण माझा दिवस तसाच... घरातल्या घरात तुम्ही काय एंजॉय करता?

दुपारची_झोप:

मैत्रिणींनो आणि इथे असलेल्या बाबालोकांनो, प्रश्न जरा बावळट वाटेल पण विचारतेच. घरी मोठा चार वर्षांचा आणि धाकटी आठ महिन्यांची. अख्खी थंडी खिडक्या बंद, एकाची सर्दी संपली की दुसरीची सुरू, जिकडे तिकडे स्वेटर आणि एकेकटे पायमोजे, दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही दमटच. आता हवा बदलतेय हे कळतंय. दिवे लावायची वेळ पुढे गेलीय, पहाटे अलार्मच्या आधी पक्षी सुरू होतात, समोरच्या झाडाला तांबूस कोवळी पानं फुटलीत. आणि मला माहितीय की हे असं थोडेच दिवस असतं, आणि ते सगळं मी फक्त धुणं वाळत घालताना मान वर करून बघते आणि परत आत येते कारण आत कोणीतरी रडत असतं.

सहलीच्या आयडिया नकोत. क्राफ्टच्या तर अजिबात नकोत, फरशीवरचा रंग शेवटी मलाच पुसायचाय. रोजचीच कामं करता करता जे मिळतं ते सांगा, तुम्हाला स्वतःला काय आवडतं ते, मुलांच्या विकासासाठी काय चांगलं ते नाही.

जाता जाता दोन प्रॅक्टिकल प्रश्न पण आहेत. मोठा रोज रात्री "अजून उजेड आहे, मी झोपणार नाही" म्हणून भांडतो, त्याचं काय करू? आणि गरम कपडे आत्ताच धुवून ठेवून द्यायचे का थोडं थांबायचं?

आज्जी_टाइपिंग:

अगं पोरी, कपड्यांचं आधी सांगते, बाकीचं आपोआप येईल त्यात. सगळं एकदम आवरू नकोस, या दिवसांत सकाळ संध्याकाळ गार आणि दुपारी घाम अशी गंमत असते, प्रत्येकाचा एक स्वेटर आणि एक पातळ पांघरूण बाहेर राहू दे. मुलांना जाड एकच घालण्यापेक्षा पातळ दोन घाल, काढता येतात. बाकीचं मात्र धुतल्याशिवाय पेटीत टाकू नकोस. "दोनदाच तर घातलाय" म्हणून तसाच घडी घालून ठेवलेला स्वेटरच पुढच्या थंडीत भोकं पडलेला निघतो. लोकरीला लागणारी कसर म्हणजे एका बारीक पतंगाची अळी असते, पतंग स्वतः लोकर खात नाही, अळी खाते, आणि घामाचे नि खाण्यापिण्याचे डाग असलेली लोकर तिला जास्त आवडते. म्हणून धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, उन्हात नीट झटकायचं (झटकल्यावर अंडी बरीच पडून जातात) आणि घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवायचं. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या घरात नकोत, त्या गोळीसारख्या दिसतात आणि पोरं तोंडात घालतात.

आता तुझा खरा प्रश्न. मला विचारशील तर पांघरुणं उन्हात घालायचा दिवस हाच माझा सण होता, माझी मुलं लहान होती तेव्हा. काम काही कमी नव्हतं, उलट जास्तच. पण ते काम बाहेर उभं राहून करायचं असायचं ना, आणि कोणी विचारत नाही की बाहेर काय करतेयस. एक बाजू तापली की उलटायला जायचं, म्हणजे दर थोड्या वेळाने बाहेर जायचं हक्काचं कारण. धाकटीला सावलीत चटईवर बसव, मोठ्याला चिमटे द्यायला ठेव, तो एकेक चिमटा देईल आणि तुला दुप्पट वेळ लागेल. लागू दे की. रात्री त्या पांघरुणात तोंड खुपसलं की उन्हाचा वास येतो, तो माझ्या मते जगातल्या कुठल्याही अत्तरापेक्षा भारी.

रात्रपाळी:

आज्जी तुमचं वाचून छान वाटलं पण मी जरा उलटं बोलणार आहे, राग नको. हे "कामातच आनंद शोधा" मला नेहमी थोडं खटकतं. कारण ज्यांच्या वाट्याला काम येतं त्यांनाच हा सल्ला मिळतो. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला कोणी सांगत नाही की बाबा रे, तू पांघरुणं उलटताना आनंद शोध.

दुपारची_झोप, तू लिहिलंयस की आत कोणीतरी रडत असतं म्हणून तू परत येतेस. मग पहिलं काम हे की रोज ठरलेल्या वेळी कोणीतरी दुसरं आत असायला हवं. नवरा, सासू, बहीण, शेजारीण, जे असेल ते. फार वेळ नको, अर्धा तास. आणि त्या अर्ध्या तासात दुकानातून काही आणायचं नाही, कोणाला फोन करायचा नाही. आमच्याकडे संध्याकाळी काळोख व्हायच्या आधीचा वेळ माझा आहे, या दिवसांत तेव्हा मस्त उजेड असतो, मी नुसती चालते. पहिल्यांदा घरातून तीनदा फोन आला की डायपर कुठे आहेत. मी उचलला नाही. सापडले त्यांना.

बाबा_ड्युटीवर:

रात्रपाळी, डायपरचा टोमणा पोचला बरं का, आमच्याकडे मीच तो फोन करणारा माणूस. आता माहितीयत कुठे असतात ते.

झोपेबद्दल सांगतो कारण आमच्या पोरीचं सेम झालं होतं. चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही पण उजेड कळतो, आणि शरीराचं पण तसंच, डोळ्यात उजेड जात असेल तर झोपेचं मेलाटोनिन तयार व्हायला उशीर होतो आणि लहान मुलांमध्ये हा परिणाम मोठ्या माणसांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे तो खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच झोप येत नसते. आम्ही दोन गोष्टी केल्या. झोपायच्या तासभर आधी जाड पडदे ओढून मोठे दिवे बंद करून एक छोटा पिवळा दिवा, आणि सकाळी उठल्या उठल्या पडदे सरकवून भरपूर उजेड. सकाळचं लोक विसरतात पण त्यानेच रात्रीचं घड्याळ मागे येतं. आणि दिवसभर पळू द्या त्याला, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलंय त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसातून किमान 180 मिनिटं हालचाल आणि दुपारची धरून 10 ते 13 तास झोप असं आहे. 180 ऐकून घाबरू नका, घरात या खोलीतून त्या खोलीत धावणं पण त्यात आलं. थंडीत हेच कमी पडतं आणि सगळी एनर्जी रात्री नऊला बाहेर येते.

आता मला काय आवडतं ते, विचारलंय म्हणून. कवडसा. आमच्या बैठकीत खिडकीतून जमिनीवर उन्हाचा चौकोन पडतो, थंडीत सूर्य खाली असतो म्हणून तो पार आतल्या भिंतीपर्यंत येतो, आणि जसा सूर्य वर चढायला लागतो तसा तो चौकोन खिडकीकडे मागे सरकत जातो. रविवारी ठरलेल्या वेळी मी आणि पोरगी खडूने त्याची कड आखतो. बस एवढंच, हे क्राफ्ट नाही, ओल्या फडक्याने पुसलं जातं. दोन रेघांमध्ये केवढं अंतर पडलं हे बघून ती दर वेळी ओरडते. विषुवदिनाच्या (दिवस-रात्र जवळपास सारखे असतात तो दिवस) आसपास, म्हणजे 20 मार्चच्या सुमाराला (आणि विषुववृत्ताच्या खाली राहत असाल तर तुमचा वसंत 22-23 सप्टेंबरला) हा बदल सगळ्यात वेगाने होतो. तेव्हा सूर्य रोज क्षितिजावर आदल्या दिवसापेक्षा जवळपास स्वतःच्या रुंदीएवढा बाजूला सरकून उगवतो. बाल्कनीतून एखादं झाड नाहीतर खांब खूण म्हणून धरा, आठवड्यात सूर्य त्याच्या पलीकडे गेलेला दिसतो. लेकरू कडेवर असलं तरी बघता येतं, हात मोकळे लागत नाहीत. आणि आपण जितके विषुववृत्तापासून लांब तितका दिवस भराभर मोठा होतो, माझा भाऊ बराच उत्तरेला राहतो तो म्हणतो त्यांच्याकडे आठवड्याभरातच फरक जाणवतो.

खिडकीवाली:

आता सगळे खिडक्या उघडतील म्हणून आधी एक कटकटी सूचना आणि मग मी पण आनंदावर येते. थंडीत खिडक्या बंद असतात तेव्हा आपण पलंग, टेबल, खेळण्यांची पेटी कुठेही सरकवतो. आता उघडायच्या आधी एकदा बघा की खिडकीखाली चढण्यासारखं काही आहे का, विशेषतः चार वर्षांचा माणूस घरात असेल तर. डासांची जाळी मुलाचं वजन धरत नाही, ती डासांसाठी असते. ग्रिल नसेल तर खिडकी थोडीशीच उघडेल असा अडसर लावून घ्या. झालं, संपलं.

माझा आनंद म्हणजे चिमण्या. आमच्या बाल्कनीच्या वरच्या कोपऱ्यात एक फट आहे, दर वर्षी या सुमाराला तिथे जोडपं येतं. आधी नर येऊन फटीशी बसतो आणि चिव चिव चिव एकाच सुरात तासन्‌तास, शेजारचे म्हणतात डोकं उठवलं, मी म्हणते जागा दाखवतोय तो बिचारा. मग दोघं मिळून गवत, पिसं, दोऱ्याचे तुकडे, आमच्या झाडूची काडीसुद्धा. साधारण चार-पाच अंडी, बारा-तेरा दिवस उबवणं, आणि पिल्लं बाहेर आल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत उडून पण जातात. मी तिथेच भाजी निवडते, कपड्यांच्या घड्या घालते, बाळाला घेऊन बसते. मजा म्हणजे त्या बाईचं चाललेलं बघायचं! पिल्लांची तोंडं सतत उघडी आणि ती सतत ये-जा, नर पण भरवतो बरं का (रात्रपाळी, नोंद घे). मला ते बघून काय बरं वाटतं सांगू. कोणीतरी दुसरं धावतंय आणि मी बसलेय.

फक्त घरट्याला हात लावू नका आणि मुलांना शिडी देऊ नका. खाली एखादा उथळ पाण्याचा वाडगा ठेवा, रोज बदला. चिमणी दिन 20 मार्चलाच असतो, बाबा_ड्युटीवर यांच्या विषुवदिनाच्याच सुमाराला.

शिंकांची_राणी:

रंगाचा बेरंग करतेय पण कोणीतरी सांगायला हवं. झाडं मोहरतात तेव्हा हवेत परागकण असतात आणि बाहेर वाळत घातलेल्या चादरींना ते चिकटून घरात, थेट उशीवर येतात. घरात कोणाला ॲलर्जी किंवा दमा असेल तर चादरी-उशांचे अभ्रे आतच वाळवा आणि बाहेरून आल्यावर मुलांचे हात-तोंड धुवा, कपडे बदला. सर्दी महिना झाला तरी जात नाही, ताप नाही, पाणी पातळ आणि डोळे खाजतात असं असेल तर ती सर्दी नसेलही, डॉक्टरना दाखवा. आणि उन्हाने पांघरुणातली धुळीतली कीड (ती डोळ्याला न दिसणारी) सगळी मरते असं नाही, ऊन ओल काढतं ते चांगलंच, पण तिच्यासाठी 60 अंशाच्या पाण्यात धुणं लागतं. लोकर सोडून हं, ती आटेल.

मला काय आवडतं? पावसाची सर येऊन गेल्यावरचा तास. हवा धुतलेली असते, तेव्हा मी पण खिडकी उघडते.

दुपारची_झोप:

अरे बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, धाकटीला झोपवताना एका हाताने वाचतेय.

रात्रपाळी, तुझं वाचून आधी मनात आलं की आमच्याकडे नाही जमायचं. मग नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला संध्याकाळी नाही जमणार पण सकाळी तो लवकर उठतोच तर त्याने दोघांना बघावं आणि मी बाहेर जावं. सकाळी सहाला मला बाहेर जायचं नाहीये, मला झोपायचंय!! तर आता वाटाघाटी चालू आहेत, बहुतेक दोन दिवस झोप आणि बाकी दिवस चालणं असं ठरेल.

खडूची रेघ आज मारली, मोठ्याने लगेच बाजूला डायनोसॉर काढला आणि "हा ऊन खातो" म्हणून जाहीर केलं. पलंग खिडकीपासून ओढला. पडद्यांचं आज रात्री बघू.

आज्जी, एक विचारायचं राहिलं. माझ्या सासूबाईंनी मागच्या वर्षी पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवल्याच होत्या आणि धाकटीचे सगळे छोटे स्वेटर मोठ्याचेच त्यातले आहेत. वास अजून येतो. नुसतं उन्हात ठेवलं तर चालेल का धुवायलाच हवेत?

आज्जी_टाइपिंग:

दोन्ही कर. आधी चार-पाच दिवस बाहेर वाऱ्यावर टांगून ठेव, खोलीत नको, वास वाऱ्यानेच जातो, मग धू आणि पुन्हा वाळव. नाकाशी धरून वास येत असेल तोवर बाळाच्या अंगात घालू नकोस. त्या गोळ्यांमधलं नॅप्थलीन काही बाळांना फार बाधतं, ज्यांच्यात जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात, आणि अशी कमतरता आहे हे घरच्यांना बरेचदा माहीतच नसतं. राहिलेल्या गोळ्या उघड्यावर फेकू नकोस, डब्यात बंद करून दे, मुलांच्या हाताला लागतील असं नको.

सासूबाईंना गोड शब्दांत सांग. त्यांच्या काळात आम्ही सगळ्यांनीच ठेवल्यात त्या.

रात्रपाळी:

सकाळी सहाला झोप मागून घेतलीस ते बेस्ट केलंस. ते पण वसंताचा आनंद म्हणूनच मोजायचं.