मदत हवी आहे: आईबाबांना कोलोराडोच्या माळरानावर गाइडेड ट्रिपला न्यायचंय, एप्रिल की मे?

निवडुंग:
नमस्कार मंडळी, आम्ही डेन्व्हरच्या बाजूला अरोराला राहतो. आईबाबा बार्शीहून येतायत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोचतील आणि मेअखेरपर्यंत आहेत. आल्यागेल्याला सगळे रॉकी माउंटन पार्क दाखवतात, तेही होईलच, पण बाबांना डोंगरांचं फारसं कौतुक नाही. रिटायर्ड शिक्षक माणूस, नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ ला झालं त्याच्याही आधीपासून त्या माळावर सायकल मारत जाणारा, त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न हाच की तुमच्याकडे गवताळ माळ आहे म्हणे, तिथे काय काय दिसतं?

तर शोधल्यावर दोन गाइडेड ट्रिपा सापडल्यात. एक एप्रिलमध्ये, पार पूर्वेला रे नावाच्या गावाजवळ प्रेअरी चिकनचा (माळावरचा कोंबडीसारखा पक्षी) नाच बघायची. दुसरी मे मध्ये पॉनी नॅशनल ग्रासलँडची, फोर्ट कॉलिन्सहून पहाटे निघून दुपारी परत, छोटा ग्रुप, माणशी दोनशे डॉलरच्या आसपास सांगतायत. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, आणि मुलगा सहा वर्षांचा आहे म्हणजे गप्प बसणे हा प्रकार नाही. दोन्हीतली कुठली घ्यावी? की गाइडच नको, आपली आपणच गाडी काढावी? आणि हो, बाथरूमचं काय असतं तिकडे, आईचा पहिला प्रश्न तो असणार आहे.

गवत्या:
मी फोर्ट कॉलिन्सला असतो, पॉनीला बऱ्याचदा जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रे ची ट्रिप भारीच आहे, बाबांना तर वेड लागेल. नर मानेवरची पिसं कानांसारखी उभी करतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना नारिंगी फुगे फुगवतात आणि जमिनीवर पाय असे भराभर आपटतात की थडथड ऐकू येते, वर तो घुमणारा आवाज. पण नियम कडक असतो. उजाडायच्या आधी जागेवर जाऊन बसायचं आणि पक्षी उडून जाईपर्यंत तिथून हलायचं नाही, मग त्याला दीड तास लागो की अडीच. मध्येच कुणी बाहेर पडलं की सगळा कळप उडतो, आणि हा त्यांच्या जोड्या जमायचा मोसम आहे, असं रोज झालं तर ते ती जागाच सोडतात. एप्रिलच्या पहाटे तिथे पाणी गोठेल इतकी थंडी असू शकते. सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी, दोन्ही एकाच वेळी, मी तरी नाही सुचवणार. आणि खरं सांगायचं तर तो भाग म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि सेजची झुडपं, अगदी आखूड गवताचा माळ नव्हे. बाबांना नान्नजसारखं सपाट, बोडकं, क्षितिजापर्यंत गेलेलं काही दाखवायचं असेल तर पॉनीच.

पॉनीला एप्रिलपेक्षा मे चा पहिला पंधरवडा घे. एप्रिलमध्ये माउंटन प्लोव्हर (टिटवीच्या जातकुळीतला पक्षी) आलेले असतात, लाँगस्पर (चिमणीएवढा पक्षी) आलेले असतात, पण बर्फही पडू शकतो आणि वारा असा की दुर्बीण स्थिर राहत नाही. मे उजाडला की लार्क बंटिंग येतात, काळे कुळकुळीत, पंखावर पांढरा पट्टा, कोलोराडोचा राज्यपक्षी. प्रेअरी डॉगच्या (बिळात राहणारा, खारीच्या जातीचा प्राणी) वसाहतीत बिळांच्या तोंडाशी दिवसाढवळ्या घुबडं उभी दिसतात, आपल्या पिंगळ्याला लांब पाय लावल्यासारखी. प्राँगहॉर्न (हरणासारखा दिसणारा) तर कुठेही. ताशी ऐंशी-नव्वद किमीने पळणारा प्राणी पण कुंपणावरून उडी मारायला तयार नाही, तारेखालून सरपटत जातो, पोराला हे बघायला जाम मजा येईल.

डेन्व्हरकर:
गाइडला चौघांचे आठशे डॉलर??? पॉनीला एंट्री फुकट आहे, हायवे १४ ने ब्रिग्जडेलला जा, क्रो व्हॅली कँपग्राउंडला झाडांत गाडी लाव, स्थलांतर करणारे छोटे पक्षी सगळे त्या झाडांवरच उतरतात कारण आजूबाजूला मैलोनमैल दुसरं झाड नाही. तिथून कच्च्या रस्त्यांनी गाडीतूनच फिर. वेल्ड काउंटीत (पॉनी याच जिल्ह्यात येतं) रस्ते हरवायचं काम नाही, सम नंबरचे पूर्व-पश्चिम जातात आणि विषम नंबरचे उत्तर-दक्षिण. फक्त पाऊस पडून गेल्यावर जाऊ नकोस, माती अशी चिकटते की चाकं गोल गोल फिरतात आणि गाडी जागची हलत नाही.

गवत्या:
@डेन्व्हरकर, बाकी सगळं मान्य, रस्त्याचं तर एकदम बरोबर. पण प्लोव्हर स्वतःहून सापडणं अवघड आहे हो. गवत नसलेल्या, गुरांनी नाहीतर प्रेअरी डॉगनी खाऊन साफ केलेल्या जमिनीवर तो राहतो आणि गाडी थांबली की तुमच्याकडे पाठ करून उभा राहतो. पाठ मातीच्या रंगाची. संपलं, समोर असून दिसत नाही. आपल्याकडचा धाविक (माळावर पळणारा पक्षी) ज्याने शोधलाय त्याला कळेल, तसंच पळायचं-थांबायचं-पळायचं. गाइडला आदल्या दिवशी कुठे होता ते माहीत असतं, आणि कुठली जमीन सरकारी, कुठली खाजगी तेही. नकाशा बघितलास तर बुद्धिबळाच्या पटासारखा आहे, एक चौकोन सरकारी, पुढचा कुणा शेतकऱ्याचा.

@निवडुंग, बाबांसाठी एक गंमत, या प्लोव्हरची मादी बऱ्याचदा दोन घरटी करते, एकावर नर बसतो, दुसऱ्यावर ती स्वतः. घरटं म्हणजे तरी काय, उघड्या जमिनीत एक खळगा आणि त्यात साधारण तीन अंडी. म्हणून कुठलाही गाइड तुम्हाला माळात फार आत चालवत नेणार नाही, बघायचं ते गाडीजवळूनच, आईंचा प्रश्न तसाही मिटला.

रानभूल:
निवडुंग, मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते त्यामुळे बायकांच्या बाजूचं मी सांगते, हे दोघं पक्ष्यांवरच बोलत बसतील 😀. क्रो व्हॅलीला टॉयलेट आहे, पॉनी ब्युट्सच्या, म्हणजे माळातून वर आलेल्या त्या दोन सुळक्यांच्या, पार्किंगला पण आहे (फ्लश वगैरे विसर, खड्ड्याचं असतं, सॅनिटायझर आणि टिश्यू सोबत ठेव), मध्ये काहीच नाही. पाणी घरून भरपूर, खायला घरूनच, मी मेथीचे ठेपले आणि दही-भात नेला होता आणि ग्रुपमधल्या गोऱ्या आजोबांनी ठेप्ल्याची रेसिपी लिहून घेतली. सावली अजिबात नाही, पाच हजार फुटांवर ऊन चटकन भाजतं, आईंना टोपी आणि विंडचीटर दोन्ही हवं, पातळ स्वेटरवर स्वेटर.

लेकाला दोन गोष्टी आधीच बजावून ठेव. प्रेअरी डॉग कितीही गोंडस दिसला तरी मेलेला किंवा आजारी असेल तर जवळ जायचं नाही, त्यांच्यात पिसवांतून प्लेग पसरतो, हो तोच प्लेग. आणि बिळात हात-पाय घालायचा नाही, मे मध्ये रॅटलस्नेक बाहेर आलेले असतात. घाबरवत नाहीये, बार्शीच्या माणसांना साप नवीन नाहीत, पण पोरं अमेरिकेत वाढलेली असतात.

ब्युट्सला जायचं ठरलं तर तिथल्या कड्यांचा आणि ओव्हरलूकचा (वरून बघायच्या जागेचा) भाग १ मार्च ते ३० जून बंद असतो, ससाणे-गरुडांची घरटी असतात म्हणून. मुख्य वाट चालू असते पण जाऊन-येऊन चार मैल आहे, आईंना नको. आणि वीकेंड टाळ, काही लोक तिथे नेमबाजीला येतात, कायदेशीर आहे पण दिवसभर ठो ठो ऐकत पक्षी बघण्यात काय मजा.

निवडुंग:
बापरे, केवढी माहिती, सगळ्यांना थँक्यू. बाबांना फोनवर प्लोव्हरचं वाचून दाखवलं तर म्हणे "पाठ करून उभा राहतो म्हणजे हुशार आहे", आणि धाविकाचं नाव निघाल्यावर अर्धा तास फोन ठेवेनात. रे रद्द. मे च्या पहिल्या पंधरवड्यात, मधल्या वारी, पॉनी पक्कं. पण अजून एक, आईला आणि लेकाला दिवसभर तिकडे नेण्याऐवजी फक्त मी आणि बाबा गाइडबरोबर गेलो तर? मग खर्चही निम्मा. त्या दोघांना जवळपास काही आहे का?

डेन्व्हरकर:
हे बेस्ट. त्यांच्यासाठी रॉकी माउंटन आर्सेनल, तुमच्या अरोराहून जवळच आहे. पूर्वी तिथे केमिकल शस्त्रांचा कारखाना होता, आता अभयारण्य. गाडीतून उतरायचं नाही, अकरा मैलांचा रस्ता, फुकट, आणि बायसन (अमेरिकेतले रानगवे) नशीब असेल तर रस्त्यावरच येऊन उभे राहतात. प्रेअरी डॉग तर एवढे की लेक मोजून दमेल. काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखा दिसणारा प्राणी) २०१५ मध्ये सोडलेत तिथे, ते रात्री फिरतात म्हणून माळावर दिसणं कठीण, पण व्हिजिटर सेंटरला ठेवलेले दिसतात. सोमवार-मंगळवारी सेंटर उघडं आहे का ते निघायच्या आधी बघून घे.

गवत्या:
+१. बुक करताना एवढं विचार: पावसाने रस्ता बंद झाला तर पैसे परत की दुसरी तारीख? गाडी उंच आहे का, बाबांना चढता येईल ना? ग्रुपमध्ये किती जण? सहाच्या वर असले तर एका स्कोपवर (स्टँडवरची मोठी दुर्बीण) रांग लागते आणि प्लोव्हर तेवढा वेळ थांबत नाही.

निवडुंग:
विचारते. म्हणजे स्कोप त्यांचाच असतो ना? बाबांकडे जुनी ८ बाय ४० दुर्बीण आहे, तीच आणायला सांगू की इथे नवीन घेऊ?

गवत्या:
स्कोप गाइडचा असतो. दुर्बीण तीच आणू दे, ८ बाय ४० उत्तम. फक्त हँडबॅगेत टाकायला सांग, चेक-इनमध्ये नको. आणि टिप पंधरा-वीस टक्के धर, बाबांना आकडा सांगू नकोस.