शेळीबाईचं पुस्तक: यमक तपासून द्या

आत्या: मंडळी, शेळीच्या पुस्तकाचा कच्चा खर्डा. ३२ पानं, छपाईच्या हिशेबाला सोळा-सोळा पानांचे दोन फॉर्म, म्हणजे दोन मोठे छापील ताव. यमक खटकलं तर लगेच सांगा.
खुंटा काढुन पळाली,
गच्चीवरती मिळाली.
वाळत घातला झगा,
एक बाही गेली, बघा!

आजी: झगा आणि बघा? ग ला घ? मुलांचा कान तिखट असतो गं.

आत्या: आई, सवलत दे ना.

आजी: नाही. ‘वाळत होता सदरा, शेळीनं केला कचरा.’ आठ-आठ अक्षरं. मोजून घे.

काका: आई फॉर्ममध्ये आहे!

वहिनी: आमच्याकडे काल रात्री तीनदा वाचून झालं. तिसऱ्यांदा मी ‘गच्चीवरती’ म्हणून नुसती थांबले, तर पिल्लूच ओरडलं ‘मिळाली!’ पण आत्या, ‘गच्चीवरती मिळाली’ हे समोरच्याच पानावर दिसतं, त्यामुळे गंमत आधीच फुटते. ती ओळ पान उलटल्यावर येऊ दे.

आत्या: अरे हो! सगळी मजा पान उलटण्यात असते आणि मी कागदावर सलग लिहीत बसले.

ताई: म्हणजे माझी चित्रं परत मांडायची. असो. शेळीचे डोळे गोल काढलेत, चालतील?

मी: नको गं. शेळीची बाहुली आडवी असते, जवळजवळ आयताकृती. चरायला मान खाली घातली की डोळा खोबणीत फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. सदरा चघळताना तसाच डोळा काढ, भलताच निर्विकार दिसेल.

ताई: मस्त! आणि दात?

मी: वर पुढचे दात नसतातच, नुसती टणक हिरडी. त्यामुळे सदरा कापल्यासारखा काढू नकोस, ओढून फाडलेला, लोंबणारा काढ. खरी शेळी सगळंच खात नाही म्हणा, नवी वस्तू दिसली की ओठांनी चाचपून बघते. आपली मात्र खाते.

काका: सगळं छान, पण मुलांनी यातून काय घ्यायचं? शेवटी शेळी सुधारलेली दाखव.

आजी: सुधारलेली शेळी कोण वाचणार?

काका: निदान माफी तरी मागू दे.

आत्या: दादा, माफी आहे की! ३१व्या पानावर ‘चुकले असं लिहिलं’. आता पान उलट.

काका: उलटलं.

आत्या: आणि पत्रच गिळलं!

वहिनी: पिल्लू पलंगावरून पडता पडता राहिलं. पुन्हा वाच म्हणतंय. चौथ्यांदा.

आजी: लिहिलं, गिळलं. पास.

काका: बरं, राहू दे. पण गिळायच्या आधी चित्रात पत्र दिसणार असेल, तर त्यात शुद्धलेखन तरी नीट ठेवा.