मदत हवी आहे: निलगिरीच्या टिश्यू कल्चरमध्ये पेरं काळी पडतात

नमस्कार मंडळी, मी मुंबईत वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करतेय. प्रकल्पासाठी लिंबाच्या वासाची निलगिरी घेतली आहे, गोरेगावच्या एका सोसायटीतलं जुनं, सरळसोट झाड. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं याच जातीच्या वाढलेल्या झाडांवरचं टिश्यू कल्चरचं काम १९८१ साली प्रसिद्ध झालं, म्हणजे जुन्या झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं जमतं. माझंच अडलंय.

कोवळ्या फांदीची पेरं अर्धा तास वाहत्या पाण्यात धुते, मग जंतू मारायला ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइडमध्ये दहा मिनिटं, नंतर निर्जंतुक पाण्याने तीनदा. मग पेरं वाढवायला एमएस माध्यम (मुराशिगे-स्कूग, म्हणजे क्षार-जीवनसत्त्वांचं तयार पोषक मिश्रण), ३ टक्के साखर, लिटरला ०.५ मिलिग्रॅम बीएपी (फुटवे आणणारं संप्रेरक). तीन दिवसांत कापाभोवतीचं माध्यम तपकिरी होतं आणि पेर काळं पडून मरतं. कापातून फिनॉल (हवेत तपकिरी पडणारी, पेराला मारक रसायनं) झिरपतंय हे कळतंय. अॅस्कॉर्बिक अॅसिडने थोडाच फरक पडला. कोळशाची पूड घालावीशी वाटते, पण ती बीएपीही शोषून घेते ना? की सुरुवातीचा आठवडा अंधारात ठेवून दर दोन दिवसांनी ताज्या माध्यमात हलवू?

उरलेल्यांना बुरशी लागते. जुलैतली मुंबईची हवा, काय सांगू! पावसाळ्यात पेरं घ्यायचीच नाहीत का?

दुसरं म्हणजे, शेंड्याकडच्या पेरांना पुढे मुळं फुटणं अवघड, बुंध्याजवळचे फुटवे बरे, असं वाचलंय. झाड तोडणं शक्यच नाही, आणि तोडायचंही नाही. छाटणीतल्या जाड फांदीचे तुकडे ओल्या वाळूत ठेवून त्यावर फुटवे आणलेत का कुणी? किती दिवस लागले?

सप्टेंबरपर्यंत निदान दहा पेरं तरी जगवायची आहेत.