२८४.८ला शिखर दिसलं म्हणजे कोक नव्हे

वापरलेल्या निकेल कॅटॅलिस्टच्या एक्सपीएसमध्ये (क्ष-किरण टाकून पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखायची चाचणी) २८४.८ इलेक्ट्रॉन व्होल्टला कार्बनचं शिखर आलं, म्हणजे कोक (अभिक्रियेत कॅटॅलिस्टवर साचणारा कार्बन) जमला, असं कुणी म्हणतं. इतकी घाई नको. झिपच्या पिशवीत घालून चेंबूरहून रिक्षाने पवईला नेलेल्या कुठल्याही नमुन्यावर हवेतला कार्बन बसतोच, आणि तोही तिथेच दिसतो. शिवाय तो आकडा खरंच मोजलाय, की चार्ज करेक्शन करताना (नमुन्यावर साचलेल्या विद्युतभारामुळे सरकलेली शिखरं जागेवर आणताना) तुम्हीच शिखर तिथे सरकवलंय? कार्बनच तपासायचा तर संदर्भ दुसरा घ्या. सपोर्ट, म्हणजे निकेल ज्यावर बसवलंय तो पदार्थ, सिलिकाचा असेल तर सिलिकॉनचं २पी शिखर. कार्बाइड (धातूशी जोडला गेलेला कार्बन) २८३च्या आसपास डोकावतं, ते शोधा. न वापरलेला नमुनाही त्याच वाटेने नेऊन शेजारी मोजा. रुथेनियम असेल तर मात्र देवच तारो, त्याची ३डी शिखरं नेमकी कार्बनच्याच अंगावर येतात.