देवलीच्या छावणीबद्दल सरकारने माफी मागावी का?

नदीकाठचा:
1962 चं युद्ध म्हटलं की आपण नेहरू-मेनन यांच्या चुका मोजत बसतो. त्याच नोव्हेंबरात माकूम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पाँगहून चिनी वंशाची माणसं उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत टाकली, ते कुणी काढत नाही. (वर्ध्याकडची देवळी नव्हे, टोंक जिल्ह्यातली.) सुमारे तीन हजार माणसं. त्यात म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, शाळकरी पोरं. माकूमचे चिनी म्हणजे इंग्रजांनी चहाच्या मळ्यांसाठी आणलेल्या मजुरांचे वंशज, कित्येकांच्या आया तिथल्याच. आसामातून निघालेल्या गाडीला सात दिवस लागले, डब्यांवर 'शत्रूंची गाडी' असं लिहिलं होतं आणि स्टेशनांवर दगड आले, असं तिथून सुटलेले सांगतात.

कायदा तर आणखी भारी. भारतीय वंशाचा नसलेला, आणि ज्याचे आईबाप किंवा आजी-आजोबा कधीकाळी शत्रुदेशाचे नागरिक होते, असा कुणीही परकीय. त्याचा जन्म इथलाच असला तरी!

चीनने 21 नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी केली. देवलीतले शेवटचे लोक सुटले 1967 ला. माझं भांडण या मधल्या वर्षांशी आहे. माफी मागायलाच हवी.

सुभेदाराचा नातू:
आज एसीत बसून हे लिहिणं सोपं आहे हो. अरुणाचलातलं बोमडिला चिन्यांच्या हाती पडल्यावर आसामात तेजपूरला काय झालं ते वाचा. अधिकारी पळाले, स्टेट बँकेने नोटा जाळल्या, शहर ओस पडलं. अशा वेळी सीमेजवळच्या संशयितांना आत हलवणार नाही असं एक सरकार दाखवा. आणि आपले साडेतीन हजारांहून जास्त जवान चीनच्या कैदेत होते, त्यांच्यासाठी का नाही लिहिलंत?

नदीकाठचा:
लिहितो की. ते जवान 1963 च्या मे महिन्यापर्यंत परत आले. म्हणजे शत्रूने धरलेले सैनिक सहा-सात महिन्यांत घरी, आणि आपण धरलेली दुकानदाराची पोरं त्यानंतरही तारेच्या आत. हलवायला माझी ना नाही, ठेवायला आहे.

अर्धवट वकील:
नातूसाहेब, संशय होता ना, मग चौकशी कुठाय? युद्धकाळात नागरिकांना वागवण्याबद्दलचा 1949 चा चौथा जिनिव्हा करार भारताने मानलेला आहे. स्थानबद्ध परकीयांच्या प्रकरणाची वर्षातून किमान दोनदा फेरतपासणी करा, असं त्यात आहे. परकीय ठरवलंत तर निदान परकीयाचे हक्क तरी द्या! इथे ना नागरिकाचे मिळाले ना परकीयाचे.

एकदा दार लावलं की सरकारला ते उघडायची घाई नसते. आपल्याकडचंच बघा. खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणाऱ्या भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्ट प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे मराठी विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले, तर महाराष्ट्र सरकार नाही म्हणालं. हायकोर्टात हरलं तरी गप्प बसेना, थेट सुप्रीम कोर्टात! 1965 साली न्या. सुब्बा राव यांनी निकाल दिला की पुस्तक निव्वळ शास्त्रीय आहे, देशाच्या संरक्षणाला त्याने काही होत नाही, आणि स्थानबद्धतेच्या नियमांत नसलेलं बंधन तुरुंगाने स्वतःच्या मनाने घालायचं नाही. संझगिरींना निदान कोर्टाचा रस्ता ठाऊक होता. माकूमच्या चहाच्या मळ्यातला माणूस कुठे जाणार होता?

चिंचपोकळी:
कम्युनिस्ट नेते डांगेसुद्धा याच देवलीत होते ना, इंग्रजांच्या कैदेत? जागा तीच, कुलूप तेच.
तरी माफीला माझा विरोध. माफीमागे भरपाई येते. अमेरिकेने 1988 ला जपानी वंशाच्या स्थानबद्धांना माणशी वीस हजार डॉलर दिले. इथे घरंदारं लिलावात गेली, कितीतरी कुटुंबं चीनला पाठवली गेली. हिशेब कोण करणार? शिवाय गलवाननंतर बीजिंगच्या हातात आयतं कोलीत कशाला?

अर्धवट वकील:
कोलीत आपण 1962 लाच दिलंय. चीनने माणसं न्यायला तेव्हा जहाजं पाठवली होती.

सुभेदाराचा नातू:
बरं, मग दोषी कोण ते नावानिशी सांगा. तेव्हा गृहमंत्री लालबहादूर शास्त्री होते. 'जय जवान' म्हणताना जीभ अडखळेल का?

नदीकाठचा:
नाही अडखळणार. नोव्हेंबरचा निर्णय शास्त्रींच्या खात्याचा, तो तसाच लिहावा. ते ऑगस्ट 1963 ला पायउतार झाले, मग गुलझारीलाल नंदा. आणि 1966 च्या नोव्हेंबरापासून आपले यशवंतराव. हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री गृहखात्यात आल्यावरच छावणी रिकामी झाली, याचं श्रेयही हवं तर द्या. पण ते द्यायचं की नाही हे ठरवायलाही फाइली लागतात. कुणाला कशासाठी धरलं आणि कधी सोडलं, ती यादी आधी उघडा म्हणतो मी.

सुभेदाराचा नातू:
फाइली उघडायला माझी हरकत नाही. माफीला आहे, आणि राहील.