गाळातलं पाणी कमी विजेत कसं काढायचं?

प्रश्न – स्लजपाळी
आमच्या एसटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) सेंट्रिफ्यूज, म्हणजे गाळ जोरात फिरवून पाणी वेगळं करणारं यंत्र आहे. त्यातून निघणाऱ्या केकमध्ये (पाणी काढलेल्या घट्ट गाळात) १८ ते २० टक्के घन मिळतो. गाड्यांच्या फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून ड्रायर घ्यायचं चाललंय. त्याच्या विजेचा अंदाज पाहून धस्स झालं. दुसरा काही मार्ग?

उत्तर – थिकनरवाला
आधी हिशेब मांडा. २० टक्क्यांच्या एक टन केकमध्ये ८०० किलो पाणी असतं. तोच केक २५ टक्क्यांवर नेलात तर २०० किलो पाणी पिळूनच जातं. तेवढ्याची वाफ करायची तर नुसत्या बाष्पीभवनालाच सव्वाशे युनिटएवढी उष्णता लागते, ड्रायरचे तोटे वेगळेच. म्हणून पिळता येईल तेवढं पिळून घ्या, उष्णतेचं नंतर बघू.

थिकनरकडे, म्हणजे गाळ खाली बसवून घट्ट करणाऱ्या टाकीकडे लक्ष द्या. २ टक्क्यांचा गाळ ४ टक्के झाला की आकारमान निम्मं, आणि ते काम गुरुत्वाकर्षण करतं.

खरी किल्ली पॉलिमर, म्हणजे गाळाचे कण एकत्र आणणारं रसायन. पावडर विरघळून मुरायला पाऊण तास तरी द्या, नाहीतर चिकट गाठी राहतात आणि महागडा माल वाया जातो. बीकरमध्ये गाळ घेऊन डोस थोडा थोडा वाढवा आणि मिश्रण एका बीकरमधून दुसऱ्यात चार-पाचदा ओता. फ्लॉक (कणांचा गुच्छ) फुटला नाही, मधलं पाणी नितळ दिसलं, की थांबा. त्यापुढे केक चिकट होतो. गाळ बदलला की ही चाचणी पुन्हा करायचीच. सेंट्रेट (सेंट्रिफ्यूजमधून निघणारं पाणी) दुधाळ येत असेल तर घन परत टाकीत जातोय आणि तिथे हवा सोडणाऱ्या ब्लोअरवर त्याचा बोजा पडतोय. ती वीज कोणी मोजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उत्तर – रात्रपाळी
मशीन बदलणारच असाल तर स्क्रू प्रेस (स्क्रूने गाळ दाबून पाणी काढणारा) बघा. अगदी हळू फिरतो, वीज सेंट्रिफ्यूजपेक्षा बरीच कमी खातो. जागा मात्र जास्त लागते. आपल्याच गाळावर ट्रायल घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

स्लजपाळी
आमच्या बायोगॅस इंजिनाची उष्णता तशीच हवेत जाते. तिचा उपयोग होईल?

थिकनरवाला
होईल की! कमी तापमानाचा बेल्ट ड्रायर त्यावर चालू शकतो. पेशींत अडकलेलं पाणी कितीही दाबलं तरी सुटत नाही, तिथे ही उष्णता कामी येते. पण हिवाळ्यात डायजेस्टर (गाळ कुजवून बायोगॅस करणारी टाकी) गरम ठेवून किती उरते ते आधी मोजा. आणि सेंट्रिफ्यूजला जाणारा गाळ नुसता डायजेस्टरचा आहे की त्यात कच्चाही मिसळता? डोस त्यावर ठरेल.