बी विंगची लिफ्ट आणि अण्णांचा गुडघा

बुधवार

बी-४०३ मंदार (सकाळी ७:४८): नमस्कार मंडळी. अण्णांचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय, काही जणांना कळलंच असेल. मी आठवड्याची रजा टाकलेली, ताई बडोद्याहून येऊन बसलीय. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटांत निकाल लावला. शुगर जास्त आहे, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा, कार्डिओचं फिटनेस आणा, मग बघू.

बी-४०३ मंदार: वर एक वेगळाच फॉर्म हातात दिला. अभ्यासासाठी तुमची माहिती वापरू द्या, ऑपरेशन झालं की महिन्याने फोन करू. म्हणजे ऑपरेशनला अण्णा चालत नाहीत, प्रयोगाला चालतात! दुसरं हॉस्पिटल बघतोय. कोणाला अनुभव असेल तर कळवा.

बी-५०१ कारखानीस: अण्णांना लवकर आराम पडो. बी विंगची लिफ्ट आज १९ दिवस बंद आहे. कमिटीने उत्तर द्यावे. कळावे.

ए-१०२ राणे (सेक्रेटरी): कारखानीस साहेब, पार्ट मागवलाय, परवाच सांगितलं. आत्ता विषय अण्णांचा चालू आहे.

बी-५०१ कारखानीस: विषय तोच आहे.

ए-३०२ पेंडसे काकू: 🌹सुप्रभात🌹 *फॉरवर्ड* गुडघ्याचे ऑपरेशन कधीही करू नका!! पारिजातकाची ७ पाने वाटून रिकाम्या पोटी घ्या, ९० वर्षांच्या आजी जिना धावत चढतात. हा मेसेज १० जणांना पाठवा 🙏

बी-१०३ नितीन: काकू, आपला पारिजातक कमिटीने मागच्या पावसाळ्यातच उडवला. नाहीतर आज सगळी बी विंग धावत चढली असती.

ए-१०२ राणे (सेक्रेटरी): फांद्या छाटल्या होत्या. झाड आहे. आणि छाटायला कोणी सांगितलं, कोणाच्या गाडीवर फुलं पडत होती, ते नितीनरावांनी आठवावं.

बी-१०३ नितीन: 🤐

ए-३०४ सुलभाताई: मंदार, एचबीए१सी किती आलं?

बी-४०३ मंदार: ९.४. पण ताई, उपाशीपोटीची शुगर १३० च आहे हो.

ए-३०४ सुलभाताई: उपाशीपोटीची म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास. आदल्या दिवशी गोड बंद केलं की येते खाली. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचं हजेरीपुस्तक असतं, त्यात खाडाखोड होत नाही. बरेच सर्जन साडेसात-आठच्या वर असेल तर सांधा बसवायला हात घालत नाहीत. नाही म्हणाल्या त्या बाई, योग्यच केलं त्यांनी.

बी-१०३ नितीन: माझ्या साडूचं १० होतं, तरी केलं. टुणटुणीत आहे. परवा जेजुरीचा गड चढून आला.

ए-३०४ सुलभाताई: बरं झालं. ज्यांना पू झाला ते गड चढायला आले नाहीत, म्हणून तुला दिसले नाहीत. मी ३१ वर्षं ओटी सिस्टर होते. शुगर वाढलेली असली की रक्तातले पांढरे शिपाई आळशी होतात. साध्या जखमेत निभावून जातं. इथे आत धातू बसवतात, त्यावर जंतूंनी एकदा थर धरला की गोळ्यांनी सुटत नाही. पुन्हा उघडा, बसवलेला सांधा काढा, औषधवालं सिमेंट भरा, कित्येक आठवडे इंजेक्शनं घ्या, मग परत तिसरं ऑपरेशन. तोपर्यंत पाय टेकवायचे वांधे. अण्णांना हे हवंय का?

बी-४०३ मंदार: ताई, तुमचा आदर आहे. पण हॉस्पिटलचा धंदा मलाही कळतो. इको करा, हे करा, ते करा.

ए-३०४ सुलभाताई: अरे, ऑपरेशन केलं तर पैसे जास्त मिळतात की पुढे ढकललं तर?

बी-४०३ मंदार: आधी ढकलून मग केलं तर सगळ्यात जास्त मिळतात.

बी-१०३ नितीन: 😂😂 ताई, एक-एक.

बी-५०१ कारखानीस: पुन्हा पाठवत आहे. बी विंगची लिफ्ट आज १९ दिवस बंद आहे. कमिटीने उत्तर द्यावे.

ए-२०१ तेजस: गुड मॉर्निंग. मंदारदादा, फॉर्मबद्दल बोलू का? माझं काम त्यातलंच आहे, ट्रायलचा डेटा बघतो. तू सांगतोयस त्यावरून नुसती नोंद ठेवायचा अभ्यास वाटतोय. औषध बदलणार नाहीत, काही टोचणार नाहीत. कोणाला काय काय त्रास होता आणि नंतर काय झालं, एवढं लिहून ठेवतात. सही केली नाही म्हणून उपचारात फरक करता येत नाही, आणि केली तरी कधीही मागे घेता येते. पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते. त्यात किमान ७ जण असतात आणि एक तरी आपल्यासारखा सर्वसामान्य माणूस असावाच लागतो.

बी-१०३ नितीन: सर्वसामान्य माणूस कमिटीत? राणेसाहेब, ऐकताय ना?

ए-१०२ राणे (सेक्रेटरी): पुढच्या निवडणुकीत उभे राहा. दोन वर्षं फॉर्म कोरा परत येतोय.

बी-४०३ मंदार: तेजस, समजलं. पण डॉक्टरांना माहीतच असतं ना काय होतं ते? इतकी वर्षं ऑपरेशनं करतात. आता आमच्या बापावर कसला अभ्यास?

ए-२०१ तेजस: माहीत आहे असं वाटतं, तिथेच घोळ होतो. ऐक. ऑपरेशनच्या आधी हृदय शांत करायची गोळी दिली तर हार्ट अटॅक टळतील, असं बऱ्याच मोठ्या डॉक्टरांचं मत होतं. मग ८३५१ पेशंटवर रीतसर चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल आला. त्यात भारतातलेही पेशंट होते. हार्ट अटॅक खरंच कमी झाले. पण लकवा वाढला आणि मरणाऱ्यांची संख्याही वाढली. मोजलं नसतं तर चांगल्या मनाने देतच राहिले असते.

ए-३०२ पेंडसे काकू: अगंबाई! मी रोज घेते ती हृदयाची गोळी. बंद करू का?

ए-३०४ सुलभाताई: पेंडसे वहिनी, अजिबात नाही!! तेजस, असं अर्धवट लिहू नकोस रे ग्रुपवर. ते ऑपरेशनच्या तोंडावर नव्याने सुरू केलेल्या गोळीचं होतं. जे आधीपासून घेतात त्यांनी मनाने बंद करायची नाही.

ए-२०१ तेजस: सॉरी, हो. ताई बरोबर आहेत. काकू, गोळी चालू ठेवा.

ए-३०२ पेंडसे काकू: पारिजातक चालेल ना सोबत?

(सकाळी ९:२०)

बी-४०३ मंदार: शुगरचं मान्य. पण इको का? अण्णांना हार्टचा काही त्रासच नाही. बाईंनी विचारलं, दोन मजले चढता का? अण्णा म्हणाले, आमची लिफ्ट बंद आहे, रोज चार चढतो.

बी-१०३ नितीन: कमिटीच्या कृपेने फिटनेस 👏 मेंटेनन्समध्ये जिमची फी लावा आता.

ए-३०४ सुलभाताई: न थांबता चढतात?

बी-४०३ मंदार: थांबतात ना. गुडघा दुखतो, थांबणारच.

ए-३०४ सुलभाताई: हेच ते. गुडघेवाल्या पेशंटचा हा जुना घोटाळा आहे. माणूस चालतच नाही, मग छातीवर ताण येतच नाही, मग छाती दुखत नाही, मग घरचे म्हणतात हार्ट उत्तम. बाईंना शंका आली म्हणजे चांगल्या आहेत.

ए-२०१ तेजस: आणि ही शंका बहुतेकांना येत नाही. २०१८ चा एक अभ्यास आहे. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधली २५ हॉस्पिटलं, १४०१ पेशंट. आधी डॉक्टरांनी नुसतं बोलून अंदाज केला, याला दम आहे की नाही. मग सायकलवर बसवून खरोखर मोजलं. ज्यांचा दम खरंच कमी होता त्यांतले फक्त १९ टक्के डॉक्टरांना ओळखता आले होते. पाचात एक! त्यापेक्षा बारा साध्या प्रश्नांचा एक जुना तक्ता आहे, त्यावरून महिनाभरात कोणाला अटॅक येईल किंवा दगावेल याचा अंदाज बरा येत होता. जिना चढता का, जड सामान हलवता का, घरकाम करता का, असे प्रश्न. एक प्रश्न ग्रुपवर लिहिण्यासारखा नाही.

बी-१०३ नितीन: लिही की. सगळे लग्न झालेले आहेत.

ए-१०२ राणे (सेक्रेटरी): ग्रुपवर ज्येष्ठ नागरिक आहेत, भान ठेवावे 🙏

बी-१०३ नितीन: त्यांच्यासाठीच विचारतोय साहेब.

ए-१०२ राणे वहिनी: तुम्हा लोकांचं झालं असेल तर एक सांगू? आमच्या सासूबाईंचं हर्नियाचं होतं तेव्हा तंबाखू घेता का विचारलं, तर छे छे म्हणाल्या. मशेरी म्हणजे तंबाखू नव्हेच म्हणे. टाके वीस दिवस ओले होते. कोणालाच कळेना का ते.

ए-३०४ सुलभाताई: भाजलेली तंबाखूच ती! रोज चार वेळा हिरड्यांवर चोळायची आणि फॉर्मवर 'नाही'. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला रक्त कमी पोचतं. फॉर्मवर 'स्मोकिंग' लिहिलेलं असतं, मग आपल्या बायका खऱ्याच वाटतात.

ए-२०१ तेजस: सिगारेटचं तर नीट मोजलेलं आहे. डेन्मार्क, २००२. खुबा आणि गुडघा बदलणारे १२० जण. अर्ध्यांना ६ ते ८ आठवडे आधीपासून सिगारेट सोडायला मदत केली. ज्यांना मदत नव्हती त्यांच्यात ५२ टक्के लोकांना काहीतरी गुंतागुंत झाली. मदत मिळालेल्यांत १८ टक्के. मंदारदादा, पुढे ढकललं म्हणजे वेळ वाया गेला असं नाही.

बी-४०३ मंदार: अण्णांना व्यसन नाही. सुपारीसुद्धा नाही.

बी-५०१ कारखानीस: तिसऱ्यांदा पाठवत आहे. बी विंगची लिफ्ट आज १९ दिवस बंद आहे. कमिटीने उत्तर द्यावे.

ए-१०२ राणे (सेक्रेटरी): काका, हद्द झाली आता. माणूस आजारी आहे, इथे गंभीर चर्चा चालली आहे, आणि तुमची रेकॉर्ड एकाच जागी अडकलीय. बी विंगची ४१ हजार थकबाकी भरा, लिफ्ट संध्याकाळी चालू करतो.

बी-१०३ नितीन: थकबाकी कोणाची ते नाव टाका ना मग. आम्ही भरलेत.

ए-१०२ राणे (सेक्रेटरी): नावं नोटीस बोर्डावर आहेत. वाचायला खाली यावं लागेल. जिन्याने.

(हा मेसेज काढून टाकला आहे)

(हा मेसेज काढून टाकला आहे)

ए-३०२ पेंडसे काकू: कोणी काय डिलीट केलं? मी चष्मा शोधत होते.

(सकाळी १०:०५)

बी-५०१ कारखानीस: माझी थकबाकी नाही. पावती क्रमांक देऊ शकतो. आता लिहावेच लागत आहे. मी सकाळी दूध आणायला उतरतो तेव्हा अण्णा दुसऱ्या मजल्यावर मीटरच्या पेटीशेजारी पायरीवर बसलेले असतात. दोन आठवडे पाहतो आहे. आम्ही दोघे बसतो. त्यांचा हात गुडघ्यावर नसतो. छातीवर असतो. पाच-सात मिनिटांनी उठतात. म्हणाले, मंदारला बोलू नका, ऑपरेशन रद्द करील. मी शब्द दिला होता. म्हणून लिफ्टचे विचारत होतो. अजून काय विचारणार?

(सकाळी १०:११)

बी-४०३ मंदार: काका

बी-४०३ मंदार: हे मला एकदा तरी सांगायचं हो.

ए-३०४ सुलभाताई: मंदार, ते नंतर. अण्णा आत्ता कुठे आहेत? दुखतंय का? घाम, डावा हात, जबडा?

बी-४०३ मंदार: घरीच आहेत. पेपर वाचतायत. नाही म्हणतात. विचारल्यावर रागावले.

ए-३०४ सुलभाताई: रागावू देत. बसल्या जागी दुखलं तर लगेच ॲम्ब्युलन्स, माझीही वाट बघायची नाही. नाही दुखलं तरी ईसीजी आणि हार्टचे डॉक्टर आजच. आणि अण्णांनी एकही पायरी उतरायची नाही. खुर्चीतून चार जणांनी न्यायचं. मी येते वर बीपीचं मशीन घेऊन.

बी-१०३ नितीन: मी आहे. तेजस, तू ये. राणेसाहेब, तुम्ही पण. गेटसमोरची स्कॉर्पिओ कोणाची आहे? रोज असते. काढा.

ए-१०२ राणे (सेक्रेटरी): माझ्या मेव्हण्याची. काढतो. येतोच.

बी-४०३ अण्णा: कारखानीस, तुम्हाला बोललो होतो.

बी-५०१ कारखानीस: बोलला होतात. क्षमस्व.

बी-४०३ अण्णा: सुलभाबाई, खुर्ची वगैरे नको. लोक बघतात.

ए-३०४ सुलभाताई: पंचाहत्तर बिऱ्हाडांनी आत्ताच वाचलंय अण्णा. बघायचं काय उरलंय? शर्ट घालून बसा.

बी-४०३ अण्णा: बरं. मंदार, हॉस्पिटलच्या फाईलमधला तो माहितीचा कागद घे बरोबर. आणि पेन. तंबाखूच्या रकान्यात नाही लिहिलंय ते खोडायचं आहे.

बी-४०३ मंदार: अण्णा???

बी-४०३ अण्णा: ४० वर्षं लोकलने गेलो. डब्यातले सगळेच तंबाखू खायचे. तो अभ्यासाचा फॉर्म पण दे, सही करतो. खोटं लिहून त्यांचा हिशोब चुकायला नको.

ए-३०२ पेंडसे काकू: मी थर्मासमध्ये चहा देते. बिनसाखरेचा.

(सकाळी १०:४०)

ए-१०२ राणे (सेक्रेटरी): सर्वांना सूचना: अण्णांना व्यवस्थित खाली आणले आहे, गाडी निघाली. लिफ्टवाल्याशी आत्ता स्वतः बोललो. पार्ट कल्याणला आला आहे. उद्या माणूस येतो.

बी-५०१ कारखानीस: उद्या किती वाजता?